एका नावाची एकोणीस वर्षे

व्यापारी घरात नाव ही हलकी वस्तू नव्हे. नव्या आसामीचे खाते उघडण्यापूर्वी जुन्या पेढीवरचा मुनीम मागच्या वह्या चाळून पाहत असे. हा मनुष्य खरोखरच नवा आहे, की दुसऱ्या नावाने आधीच कुठे खतावला गेला आहे? एकाच माणसाची दोन खाती झाली, तर दोन्हीकडची बाकी खोटी ठरते; आणि दोन माणसे एका खात्यात मिसळली, तर उधारी एकाची व तगादा दुसऱ्याला, असा प्रसंग ओढवतो. सृष्टीतील जिवांची खतावणी करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. एका सागरी प्राण्याच्या कल्ल्यात राहणारा एक जीवाणू शुद्ध स्वरूपात हाती आल्याचे १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्याला रीतसर नाव मिळाले ते २००२ साली. हाती आलेली वस्तू नवी आहे असे म्हणायला क्षणही पुरतो. ते सिद्ध करायला मधली एकोणीस वर्षे लागली.

तो प्राणी सागरी व्यापार करणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होता, आणि ओळख मुळीच सुखाची नव्हती. कच्छमधील भद्रेश्वरचा जगडूशाह, सुरतेचा वीरजी व्होरा अशा श्रावकांचा व्यापार ज्या काळी समुद्रापार चालत होता, तो काळ लाकडी जहाजांचा. वादळाचे आणि चाच्यांचे भय सर्वांना दिसे. तिसरे भय मात्र फळीच्या आत असे. जहाजाचा तळ बाहेरून निर्वेध दिसायचा. टाचणीच्या टोकाएवढी काही छिद्रे, एवढीच खूण. आतून मात्र लाकूड मधाच्या पोळ्यासारखे पोकळ झालेले असायचे, आणि एखाद्या लाटेच्या तडाख्यासरशी फळी कोसळायची. कोलंबसाच्या चौथ्या सफरीतील उरलेली दोन जहाजे अशीच पोखरली जाऊन १५०३ साली जमैकाच्या किनाऱ्यावर कायमची रुतली. १७३१ नंतर हॉलंडमध्ये समुद्र अडवणाऱ्या बांधांचे लाकूड याच प्राण्याने खाल्ले, तेव्हा देश बुडण्याच्या भीतीने लोकांनी सार्वजनिक प्रार्थना मांडल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातात १९१९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत धक्के आणि गोद्या एकामागून एक कोसळल्या. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर जहाजाच्या बुडाला चुना आणि तेल यांचा लेप देत. सागवानाला हा उपद्रव इतर लाकडांपेक्षा कमी होतो, हेही अनुभवाने माहीत होते. पुढे इंग्रजांनी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायला आरंभ केला. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे.

या प्राण्याला सगळे जग किडा म्हणत आले. लिनियसनेही १७५८ साली त्याला ‘टेरेडो नेव्हॅलिस’ असे नाव देऊन कृमींच्या वर्गात घातले. वस्तुतः तो किडा नाही. तो शिंपल्याचा भाऊबंद आहे. त्याचे शरीर लांबलचक आणि मऊ असते, आणि दोन शिंपा आक्रसून केवळ डोक्याच्या टोकाशी उरलेल्या असतात. त्या शिंपांवर कानशीसारखे बारीक दाते असतात. त्यांनी तो लाकूड खरवडत पुढे सरकतो आणि मागे राहिलेल्या बोगद्याला आतून चुन्याचा गिलावा देत जातो. मार्क ब्रुनेल या अभियंत्याला थेम्स नदीखालचा बोगदा खणण्याची युक्ती याच कारागिराकडे पाहून सुचली, असे सांगतात. शेपटीकडच्या बाजूला दोन नळ्या लाकडाच्या छिद्रातून बाहेर समुद्रात डोकावत असतात. संकट आले की तो त्या आत ओढतो आणि दोन चिमुकल्या पाचरींनी दार लावून घेतो. जैन जीवविचारात शंख, शिंपा आणि कृमी हे सारे द्वींद्रियांत येतात. स्पर्श आणि रस हीच त्यांची इंद्रिये. त्यामुळे किडा की शिंपला, हा वाद श्रावकाच्या दृष्टीने यतनेत काही फरक करीत नाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो फरक मोठा आहे. दीर्घकाळ एका चुकीच्या खात्यावर बसलेला हा प्राणी होता, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

तो लाकडावर जगतो कसा, हे कोडे होते. लाकडात मुख्यतः सेल्युलोज असते. गाय असो, वाळवी असो वा माणूस, बहुतेक प्राण्यांना ते स्वतःच्या बळावर नीट पचवता येत नाही; गाय आणि वाळवी पोटातल्या सूक्ष्म जिवांच्या आधाराने पचवतात. त्याहून अवघड गोष्ट दुसरी. सेल्युलोज पचले तरी त्यातून मिळते ती साखर. शरीर घडवायला प्रथिने लागतात, प्रथिनांना नायट्रोजन लागतो, आणि लाकडात नायट्रोजन अगदी नाममात्र असतो. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर जन्मभर कोरडी भाकरी, डाळीचा दाणाही नाही, असे हे जेवण. तरीही हा प्राणी भराभर वाढतो आणि असंख्य पिले प्रसवतो. त्याची डाळ येत होती कुठून?

धान्याच्या व्यापाऱ्याला या प्रश्नाचे अर्धे उत्तर घरीच सापडेल. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवर गाठी असतात, आणि त्या गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधून झाडाला पुरवतात. डाळींत प्रथिने भरपूर असतात त्याचे एक मोठे कारण हेच. जहाज पोखरणाऱ्या या शिंपल्याच्या शरीरातही असाच कोणी भाडेकरू असावा, अशी शंका घेण्यास जागा होती. सर्वांनी तो पोटात शोधला. तो पोटात नव्हता. १९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंची दाटी दिसली ती कल्ल्यांमध्ये, म्हणजे श्वास घेण्याच्या जागी, तोंडापासून आणि जठरापासून दूर. कल्ल्यातील त्या भागाला ‘देशेची ग्रंथी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील देशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले होते, पण ती कशासाठी आहे हे कोणालाच उलगडले नव्हते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वुड्स होल येथे सागरविज्ञानाची जुनी संस्था आहे. तेथील जॉन वॉटरबरी यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा जीवाणू त्या ग्रंथीतून वेगळा काढला. त्या सहकाऱ्यांतील एक होत्या हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ रूथ टर्नर. वेगळा काढणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्यांची युक्ती पाहावी. समुद्राच्या पाण्यात हजारो प्रकारचे जीवाणू असतात, प्राण्याच्या अंगावरही असतात. बाहेरून धुतलेल्या प्राण्याच्या कल्ल्याचा अंश प्रयोगशाळेतील नेहमीच्या सकस अन्नावर टाकला, तर भलतेच जीवाणू आधी फोफावतात आणि हवा तो मागे पडतो. म्हणून त्यांनी असे ताट मांडले की त्यावर एकाच पाहुण्याला जेवता यावे. खाऱ्या पाण्यात अन्न म्हणून केवळ सेल्युलोज घातले. नायट्रोजनचे कोणतेही संयुग घातले नाही. ज्याला सेल्युलोज फोडता येते आणि शिवाय हवेतला नायट्रोजनही बांधता येतो, तोच तेथे वाढेल. बाकीचे उपाशी राहतील. आणि तसा एक जीवाणू वाढला. सहा जातींच्या शिंपल्यांतून तोच हाती आला. १९८३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले तेव्हा सेल्युलोज पचवणे आणि नायट्रोजन बांधणे ही दोन्ही कामे करणारा तो पहिलाच ज्ञात जीवाणू ठरला. वृत्तांतात त्याला जातीचे नाव मात्र नव्हते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. कल्ल्याचा अंश काढायचा तर प्राणी उघडावा लागतो, आणि त्यात त्याचा जीव जातो. ज्या ज्ञानामागे द्वींद्रिय जिवाची हिंसा आहे, त्याचे वर्णन जैन घरात वाचले जाताना ही गोष्ट मनात खटकावी, हे योग्यच आहे. ‘संशोधन आहे, म्हणून चालते’ असे म्हणून ती बाजूला सारण्यात अर्थ नाही. त्याच वेळी दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एकदा जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा झाला आणि सार्वजनिक संग्रहात जिवंत राहिला, की त्याच्या अभ्यासासाठी जगातील दुसऱ्या कोणाला तोच प्राणी पुन्हा उघडण्याचे कारण उरत नाही; पत्र पाठवून कुपी मागवता येते. हे समर्थन नव्हे. पण संग्रहाचे मोल केवळ सोयीचे नाही, एवढे त्यातून दिसते.

मग नाव का दिले नाही? कारण हातातला जीवाणू खरोखर त्या ग्रंथीचाच रहिवासी आहे, हे अजून पक्के व्हायचे होते. काचेच्या नळीत वाढलेला जीव आणि कल्ल्यात दिसणारा जीव एकच आहे, असे कोणी ठरवले? कदाचित नळीतला हा उपरा असेल, चुकून आत आला असेल, आणि खरा रहिवासी प्रयोगशाळेत वाढलाच नसेल. दुकानाच्या ओट्यावर उभा असलेला प्रत्येक मनुष्य दुकानाचा मालक नसतो. ही शंका किती लोकांनी टाळली असती! डॅनियल डिस्टेल, एडवर्ड डीलाँग आणि वॉटरबरी यांनी ती टाळली नाही. प्रत्येक जीवाणूच्या पेशीत प्रथिने बनवणारे रायबोसोम असतात, आणि त्यांतील आरएनएचा एक घटक सर्व जीवाणूंत सारखेच काम करतो. पण त्याच्या अक्षरांचा क्रम जातीजातीत थोडा थोडा निराळा असतो. नळीतल्या जीवाणूचा हा क्रम त्यांनी वाचला, त्यावर बरोबर बसेल असा एक शोधक तुकडा तयार केला आणि तो शिंपल्याच्या कल्ल्याच्या पातळ कापावर सोडला. तुकडा जाऊन चिकटला तो ग्रंथीतील जीवाणूंनाच. १९९१ साली हे प्रसिद्ध झाले. ओट्यावरचा मनुष्य खरोखर घरातलाच निघाला, हे ठरायला आठ वर्षे गेली.

दुसरा प्रश्न नवेपणाचा. येथे जीवाणूंच्या खातेवहीची हकिगत थोडी सांगितली पाहिजे, कारण व्यापारी वाचकाला ती विशेष रुचेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवाणूंच्या नावांचा इतका गोंधळ झाला होता, की त्यांतील बहुतेकांचे नमुने कुठेच उरले नव्हते आणि कोणते नाव कोणाचे हे सांगणे अशक्य झाले होते. शेवटी शास्त्रज्ञांनी दिवाळीत चोपडापूजन करून नवी वही उघडतात तसे केले. जी नावे तपासून खरी ठरली, तेवढीच नव्या वहीत उतरवली, आणि १ जानेवारी १९८० पासून तीच वही प्रमाण मानली. जुन्या हजारो नावांतून जेमतेम अडीच हजारांच्या आसपास नावे शिल्लक राहिली. त्यानंतरचे प्रत्येक नवे नाव आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, ठरलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध होऊन किंवा तेथे नोंदले जाऊनच वहीत येते. आज त्या वहीत वीस हजारांहून अधिक जाती आहेत. अशी शिस्त इतर अनेक शास्त्रांनाही लागली असती तर बरे झाले असते.

या वहीत नवे नाव घालायचे तर जवळच्या सर्व जुन्या नावांशी तुलना करावी लागते. रायबोसोमच्या त्या घटकाचा क्रम ज्ञात जातींशी ताडून पाहतात. १९९४ नंतर साधारण असा संकेत रुळला, की सारखेपणा ९७ टक्क्यांहून कमी असेल तर जात वेगळी मानण्यास हरकत नाही. पुढे ही मर्यादा ९८.७ टक्क्यांच्या आसपास सरकली. सारखेपणा याहून अधिक निघाला तर निर्णय लगेच होत नाही. मग संपूर्ण डीएनए एकमेकांशी जुळवून पाहावा लागतो. तेथे ७० टक्के ही जुनी मर्यादा होती. आता संपूर्ण जनुकसंचाची अक्षरे ताडतात आणि ९५-९६ टक्क्यांची मर्यादा धरतात. या आकड्यांना आगमवचनाचे स्थान देण्याचे कारण नाही. ते व्यवहारासाठी ठरवलेले माप आहे. कापड गजाने मोजायचे की मीटरने, हे ठरवावे तसे. पण एकदा माप ठरले की सर्वांनी त्याच मापाने मोजायचे, हा आग्रह त्यात आहे.

आकड्यांवर काम भागत नाही. तो जीव दिसतो कसा, राहतो कसा, काय खातो, काय सोसतो, हेही लिहावे लागते. आणि एकाच नमुन्यावर विसंबून राहू नये म्हणून डिस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य नमुन्याखेरीज आणखी ५८ वाण तपासले. ते २४ जातींच्या शिंपल्यांतून आलेले होते, आणि या कुलातील १४ वंशांपैकी ९ वंशांचे प्रतिनिधी त्यांत होते. एवढ्या वेगवेगळ्या यजमानांकडून एकच भाडेकरू निघाला, हे आश्चर्यकारकच म्हटले पाहिजे. जीवाणू दांडीच्या आकाराचा आहे. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी, लांबी त्याच्या सहा ते बारा पट. हिंडण्याच्या अवस्थेत त्याच्या एका टोकाला एकच शेपूट असते. त्याला हवा लागते, समुद्राचे मीठ लागते, किंचित अल्कधर्मी पाणी मानवते आणि ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात तो उत्तम वाढतो. हे सारे एक एक करून, पुन्हा पुन्हा, अनेक वाणांवर पाहायचे असते. वाचताना दोन ओळी होतात. करताना महिने जातात.

आणि शेवटी नाव. जीवाणू कोणत्याही ज्ञात वंशात बसत नव्हता, म्हणून वंशही नवा करावा लागला. त्या शिंपल्यांच्या कुलावरून वंशाचे नाव ठरले ‘टेरेडिनीबॅक्टर’, आणि जातीचे नाव ‘टर्नेरी’. लॅटिन व्याकरणात स्त्रीच्या सन्मानार्थ शब्दाच्या शेवटी जो प्रत्यय लागतो, तो लावून रूथ टर्नर यांच्यावरून घडवलेले.

रूथ टर्नर यांचे आयुष्य या शिंपल्यांना वाहिलेले होते. १९१४ साली जन्मलेल्या या विदुषीने १९६६ मध्ये त्यांच्या साऱ्या कुलाची सचित्र सूची प्रसिद्ध केली. त्या सूचीत नव्या नावांपेक्षा रद्द केलेली नावे कितीतरी अधिक होती. दीडशे-दोनशे वर्षे निरनिराळ्या देशांतील लोकांनी किनाऱ्यावर सापडलेल्या लाकडातून हे प्राणी काढून, थोडा फरक दिसला की नवे नाव देऊन टाकले होते. लहान लाकडात वाढलेला खुजा राहतो, गर्दीत वाढलेला वाकडा होतो. त्या प्रत्येकाला वेगळी जात समजले गेले. टर्नर यांनी दाराला लागणाऱ्या त्या दोन चिमुकल्या पाचरींच्या घडणीवर मुख्य भर देऊन एकाच आसामीची अनेक खाती एकत्र केली. १९७१ साली ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून खोल समुद्रात उतरणाऱ्या त्या पहिल्या महिला संशोधक ठरल्या. खोल तळाशी ठेवलेल्या लाकडाचे काय होते, हे त्यांना स्वतः पाहायचे होते. जी व्यक्ती जन्मभर निष्कारण नावे खोडत राहिली, तिचे नाव एका नव्या जीवाला मिळावे, हे औचित्याचेच होते. पण २००० साली टर्नर निवर्तल्या, आणि नाव प्रसिद्ध झाले २००२ साली. नियमांनी घाई केली असती तर ते त्यांना वाचता आले असते. नियमांनी घाई केली नाही, आणि टर्नर यांनी स्वतःही ती केली नसती, असे त्यांच्या सूचीवरून वाटते.

नाव प्रसिद्ध झाले म्हणजे संपले नाही. धान्याच्या सौद्यात जशी वानगी बांधून ठेवतात आणि पुढे वाद झाला तर तीच उघडून माल ताडून पाहतात, तशी जीवाणूच्या प्रत्येक जातीची एक वानगी राखावी लागते. तो मूळ वाण जिवंत असावा लागतो, आणि तो दोन वेगवेगळ्या देशांतील किमान दोन सार्वजनिक संग्रहांत ठेवावा, असा नियम आहे. एकीकडे आग लागली, युद्ध झाले, संस्था बंद पडली, तरी दुसरीकडे तो राहावा. ‘टेरेडिनीबॅक्टर टर्नेरी’चा मूळ वाण टी-७९०२ ‘लायरोडस पेडिसेलेटस’ या शिंपल्याच्या कल्ल्यातून आलेला आहे. अमेरिकेतील संग्रहात त्याचा क्रमांक ३९८६७, तर जर्मनीत ब्राउनश्वाइग येथील संग्रहात १५१५२. उद्या कोणी म्हणाला, की मला मिळालेला जीवाणू हाच आहे किंवा हा नाही, तर त्याला ही वानगी मागवून ताडून पाहावी लागेल. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह आणि चंदीगडला तसाच जुना संग्रह भारतातही हेच काम करतात. येथे एक अडचण मात्र उभी राहिली. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे येथील जैविक संपत्ती परदेशी द्यायची तर परवानगी लागते, आणि आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो की मूळ वाण कोणालाही विनाअट मिळाला पाहिजे. आपल्या किनाऱ्यावरील संपत्ती कोणी फुकट नेऊ नये, हे खरे. आणि वानगी पेटीत कुलूपबंद असेल तर सौदा सिद्ध होत नाही, हेही खरे. दोन्ही बाजू व्यापाऱ्याला समजण्यासारख्या आहेत.

जैन वाचकाच्या मनात आणखी एक प्रश्न सहज येईल: सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे हे जीवाणू म्हणजेच निगोद काय? अशी बरोबरी अलीकडे पुष्कळदा केली जाते, आणि ती श्रद्धेपोटी केली जाते यात शंका नाही. तरीही ती घाईची आहे. निगोदाचे लक्षण आगमात जसे सांगितले आहे, अनंत जिवांचे एक साधारण शरीर, त्याला स्वतःचा अर्थ आहे आणि स्वतःचे प्रयोजन आहे. जीवाणूचे लक्षण प्रयोगशाळेत ठरते आणि नवा पुरावा आला की बदलते. बदलणाऱ्या वस्तूच्या आधाराने आगमाचे सत्य सिद्ध करायला गेले, की ती वस्तू बदलल्यावर आगमही बदलले असे म्हणण्याची पाळी येते. जेथे डोळ्याला काही दिसत नाही तेथेही जीव असू शकतो आणि त्याच्याशी जपून वागावे, ही दृष्टी प्रयोगशाळेच्या शिफारसीवर कधीच अवलंबून नव्हती.

नाव मिळाल्यानंतर मात्र कामाला वेग आला, कारण आता सर्वांना ठाऊक होते की आपण कोणाविषयी बोलत आहोत. २००७ साली कल्ल्यातील एकेका जीवाणूत नायट्रोजन बांधला जाताना आणि तो यजमानाच्या शरीरात जाताना प्रत्यक्ष मोजला गेला. डाळीचे कोडे तेथे सुटले. २००९ साली त्याच्या एका वाणाचा संपूर्ण जनुकसंच, सुमारे ५२ लाख अक्षरांचा, वाचून झाला. २०१३ साली तो एक प्रतिजैविक द्रव्य तयार करतो हे उघड झाले. लाकूड पचवणाऱ्या पिशवीत इतर जीवाणू जवळजवळ का नसतात, आणि यजमानाला साखर इतरांशी वाटून न घेता कशी मिळते, याचे ते एक संभाव्य कारण असावे. २०१४ साली तर पोट आणि कल्ले यांतील अंतराचेही उत्तर मिळाले. अशाच एका शिंपल्यात कल्ल्यातले जीवाणू लाकूड फोडणारी विकरे बनवतात, आणि त्यांतील निवडक विकरेच पचनाच्या पिशवीत पोहोचलेली आढळतात. स्वयंपाक एका खोलीत, पंगत दुसऱ्या खोलीत.

आणि ज्या वंशात अठरा वर्षे एकच जात होती, तेथे २०२० साली दुसरी आली. उत्तर पॅसिफिकमधील ‘बॅंकिया सेटेशिया’ या मोठ्या शिंपल्याच्या कल्ल्यातून तिला वेगळे काढण्यात आले, आणि १९८३ च्या त्या पहिल्या निबंधातील जॉन वॉटरबरी यांच्यावरून तिला ‘टेरेडिनीबॅक्टर वॉटरबरीआय’ हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी त्याच शिंपल्यातून आणखी तीन जाती नोंदल्या गेल्या. चौघींच्याही वानग्या, पहिल्या वानगीसारख्याच, दोन-दोन देशांतील थंड कपाटांत क्रमांक लावून ठेवलेल्या आहेत.